तक्ता पाठ आहे, पण ऑपरेटर कळला का?

सी भाषा शिकवणाऱ्या आणि वापरणाऱ्या लोकांत ऑपरेटरांबद्दल दोन मतं आहेत, आणि ती सहसा समोरासमोर येत नाहीत. पहिल्या मताप्रमाणे हा पाठांतराचा आणि सरावाचा विषय आहे. प्रेसिडेन्सचा तक्ता डोक्यात पक्का बसवायचा आणि मग 'आउटपुट काय येईल?' या जातीचे प्रश्न सोडवत राहायचे. दुसऱ्या मताप्रमाणे तो तक्ता ऑपरेटरबद्दलच्या एकाच प्रश्नाचं उत्तर देतो, आणि उरलेले प्रश्न न विचारताच विद्यार्थी पुढच्या धड्याकडे जातो. पुढच्या संवादातल्या मॅडम म्हणजे कुणी एक व्यक्ती नव्हे. पहिलं मत शक्य तितक्या ताकदीनं मांडलं जावं, म्हणून त्यांना बोलतं केलं आहे. दुसरी बाजू माझी. कोडच्या तुकड्यांत व्हेरिएबलना अ, ब, क आणि फंक्शनना फ, ग, ह अशी नावं दिली आहेत.

मॅडम : शाळेत आपण कंचेभागुबेव शिकलो. कंस, 'चे', भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. हाच क्रम का, असं कुणी विचारलं नाही आणि कुणाचं अडलंही नाही. सीमधला तक्ता ही त्याचीच वाढवलेली आवृत्ती आहे. कंसापासून स्वल्पविरामापर्यंत पंधरा पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर डावीकडून जायचं की उजवीकडून, एवढं लक्षात ठेवलं की झालं. वर्गात साठ मुलं, हातात मोजके तास, त्यात जर्नल, सबमिशन आणि ओरल. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' वाचून देशभरातली कितीतरी मुलं प्रोग्रॅमिंगला लागली. त्यांच्या हातात आधी काहीतरी ठोस द्यावं लागतं. तक्ता पाठ असलेला मुलगा पेपरात अडत नाही आणि कॅम्पसच्या चाळणी परीक्षेतही अडत नाही. तुम्ही याहून वेगळं काय मागताय?

मी : मॅडम, तुमचंच कंचेभागुबेव घेऊ. १० - ४ + ३ हे गणित त्या क्रमानं अक्षरशः सोडवलं तर बेरीज आधी येते, ४ आणि ३ मिळून ७ होतात आणि उत्तर ३ निघतं. खरं उत्तर ९ आहे, कारण बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर असतात आणि डावीकडून सोडवायच्या असतात. गुणाकार-भागाकाराच्या बाबतीत शाळेत हा घोटाळा लपून राहतो, कारण आधी भागा किंवा आधी गुणा, २ * ६ / ४ चं उत्तर ३ च येतं. सीच्या पूर्णांकांत तसं नाही. डावीकडून गेलं तर १२ ला ४ नं भागून ३ मिळतात. भागाकार आधी केला तर ६ / ४ चं उत्तर १ येतं, अपूर्णांक गळून पडतो आणि शेवटी हाती २ राहतात. सीचा तक्ता इथे डावीकडून जायला सांगतो, म्हणून उत्तर ३. इथपर्यंत तुमचा तक्ता लागतोच, हे मला मान्य आहे. पण तो सांगतो काय? कुठला ऑपरंड कुठल्या ऑपरेटरच्या वाट्याला जातो, एवढंच. तीन प्रश्न त्याच्या बाहेर राहतात. एक्स्प्रेशनचा कुठला भाग आधी चालेल? ऑपरंडच्या टाइपमुळे ऑपरेटरचा अर्थ कसा बदलेल? आणि उत्तर काढता काढता ऑपरेटर मेमरीत काय बदलून ठेवेल? या प्रश्नांपैकी काहींना भाषा ठाम वचन देते, काहींना मुद्दाम देत नाही. माझं म्हणणं इतकंच की ऑपरेटर कळला असं तेव्हाच म्हणावं, जेव्हा भाषेचं वचन कुठे संपतं ते कळलेलं असतं.

मॅडम : तक्त्याचा प्रश्न आणि क्रमाचा प्रश्न वेगळे कसे, हे मला पटलेलं नाही. फ() + ग() * ह() असं लिहिलं तर गुणाकाराची पायरी वरची आहे. म्हणजे ग आणि ह आधी चालणार, त्यांचा गुणाकार होणार, मग फ चालणार आणि बेरीज होणार. प्रेसिडेन्स म्हणजे अग्रक्रम, आणि अग्रक्रम म्हणजे आधी कोण, नंतर कोण. मुलांना मी हेच सांगते आणि त्यांना ते लगेच समजतं.

मी : लगेच समजतं, कारण ते सोपं आहे; पण सीमध्ये ते खरं नाही. प्रेसिडेन्सनं एवढंच ठरतं की हे एक्स्प्रेशन फ() + (ग() * ह()) असं वाचायचं. बेरजेला गुणाकाराचं उत्तर हवं असतं, म्हणून गुणाकार बेरजेआधी होणार हे उघड आहे. पण तिन्ही फंक्शनांपैकी आधी कुणाला बोलवायचं, हे भाषेनं ठरवलेलं नाही. फ सगळ्यात आधी चालू शकतं, मध्ये चालू शकतं, शेवटी चालू शकतं. प्रत्येक फंक्शन कीबोर्डवरून एक आकडा वाचत असेल, तर कुठला आकडा कुणाच्या वाट्याला जाईल हे कंपायलरवर अवलंबून राहतं, आणि प्रत्येक कंपायलर आपल्या जागी बरोबर असतो. कंस टाकूनही हा क्रम ठरत नाही. कंसानं जोड्या ठरतात, वेळ ठरत नाही. ही अनिश्चितता निदान मर्यादित आहे: एक फंक्शन पूर्ण चालून मगच दुसरं चालणार, फक्त क्रम मोकळा. ++अ + ++अ या एक्स्प्रेशनची गोष्ट याहून बिकट आहे. अ मध्ये ५ असताना काही कंपायलर १३ देतात, काही १४. १३ देणारा आधी ६ उचलतो, मग ७ उचलतो. १४ देणारा दोन्ही वाढी उरकून घेतो आणि मग अ दोनदा वाचतो. सीच्या प्रमाणग्रंथाच्या दृष्टीनं दोघांनीही चूक केलेली नाही, कारण एकाच व्हेरिएबलमध्ये मध्ये कुठलीही सीमा न ठेवता दोनदा बदल केला तर त्याला 'अनडिफाइन्ड बिहेवियर' म्हणतात. तिथे उत्तर कुठलं, हा प्रश्नच भाषा स्वतःकडे घेत नाही.

मॅडम : पण प्रत्यक्षात उत्तर येतं ना! मुलं प्रोग्रॅम टाइप करतात, रन करतात, स्क्रीनवर आकडा दिसतो. तो आकडा जर्नलमध्ये लिहिला जातो, एक्स्टर्नल तो तपासतात. चाळणी परीक्षांत असे प्रश्न वर्षानुवर्षं विचारले जातात आणि त्यांच्या उत्तरतालिकाही असतात. तुम्ही म्हणता उत्तर नाही. मी म्हणते, समोर दिसतंय ते उत्तर.

मी : समोर दिसतं ते त्या कंपायलरनं त्या दिवशी काय केलं याचा पुरावा आहे. भाषेचा नियम काय, याचा नाही. आपल्याकडच्या कॉलेजांत टर्बो सी किती काळ मुक्कामाला होता ते तुम्हाला माहीतच आहे. डॉसवरच्या त्या कंपायलरमध्ये इंट सोळा बिटांचा होता. ३२७६७ मध्ये १ मिळवला की स्क्रीनवर -३२७६८ दिसायचं, आणि 'सीमध्ये आकडा फिरून उणे होतो' असा नियम वह्यांत उतरायचा. आजच्या कंपायलरवर इंट बहुधा बत्तीस बिटांचा असतो. तिथे त्याच बेरजेचं उत्तर ३२७६८ येतं. वहीतला नियम कंपायलरचा होता, भाषेचा नव्हता. आणि चिन्हासहित असलेला पूर्णांक मर्यादेबाहेर गेला तर काय होईल, याचंही वचन सी देत नाही. चिन्हविरहित पूर्णांक मात्र फिरून शून्याकडे येतो, याचं स्पष्ट वचन देते. बेरजेचं चिन्ह एकच, पण एका टाइपसाठी वचन आहे आणि दुसऱ्यासाठी नाही. उत्तरतालिकेबद्दल म्हणाल तर तिचं नुकसान एका गुणापुरतं नसतं. असे प्रश्न सोडवून मुलाच्या मनात पक्कं बसतं की कुठलंही एक्स्प्रेशन लिहा, त्याला एक उत्तर असतंच आणि पुरेसं डोकं चालवलं की ते निघतं. सीबद्दल याहून घातक समज दुसरा नाही.

मॅडम : मग दोष मुलांचा नाही, शिक्षकांचा नाही, भाषेचा आहे. साध्या बेरजेत आधी कुठली बाजू चालवायची हे न ठरवणं म्हणजे ढिलाई. जावानं डावीकडून उजवीकडे असा क्रम ठरवून टाकला आणि तिथे ++अ + ++अ चं उत्तर १३ च येतं. सीच्या लोकांना हे जमलं नसतं?

मी : जमलं असतं, पण त्याची किंमत होती आणि ती त्यांना द्यायची नव्हती. डेनिस रिचींनी बेल लॅब्समध्ये सी घडवली ती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, पीडीपी-११ या यंत्रासाठी. त्यात सगळे मिळून आठ रजिस्टर, आणि त्यांतले दोन स्टॅक आणि प्रोग्रॅम काउंटरसाठी गुंतलेले. एवढ्या जागेत मोठं एक्स्प्रेशन बसवायचं तर कुठली बाजू आधी सोडवायची हे कंपायलरला सोयीनं ठरवता आलं पाहिजे. रवी सेठी आणि जेफ्री उलमन यांनी १९७० मध्ये नेमकं हेच गणितानं मांडलं होतं: ज्या बाजूला जास्त रजिस्टर लागतात ती आधी सोडवली, तर एकूण कमी रजिस्टरांत काम भागतं. क्रम आधीच बांधून ठेवला तर ही मोकळीक जाते. पुढे सी वेगवेगळ्या यंत्रांवर गेली, प्रत्येक यंत्राची सोय निराळी, आणि १९८९ मध्ये प्रमाणभाषा ठरवताना ही मोकळीक कायम ठेवली गेली. ती आजही आवश्यक आहे का, यावर वाद होऊ शकतो. पण ढिलाई आणि मोकळीक यांत फरक आहे. शिवाय जिथे क्रम लागतोच, तिथे सीनं तो दिलेला आहे. &&, ||, ?: आणि स्वल्पविराम या चार ऑपरेटरांत डावी बाजू, किंवा ?: मधली अट, पूर्ण सोडवल्याशिवाय पुढे जायचं नाही असा नियम आहे. म्हणून प != ० && *प > १० असं लिहिणं सुरक्षित असतं: पॉइंटर रिकामा असेल तर उजवी बाजू चालतच नाही. याच ठिकाणी && ऐवजी & लिहिलं तर दोन्ही बाजू चालतात आणि प्रोग्रॅम रिकाम्या पत्त्यावर जाऊन आदळू शकतो. हा फरक तक्त्यात दिसत नाही. तक्त्यात दोघं फक्त वेगवेगळ्या पायऱ्यांवर बसलेले असतात.

मॅडम : तक्त्याला तुम्ही फारच कमी लेखताय. भाषा बनवणाऱ्यांनी पंधरा पायऱ्या विचार करून लावल्या असणार. मुलगा आधी तक्त्यावर विश्वास ठेवायला शिकला, तर कारणं पुढे आपोआप कळतील.

मी : काही पायऱ्यांमागे विचार आहे, काहींमागे तडजोड आहे, आणि ही कबुली खुद्द भाषेच्या कर्त्यांची आहे. कर्निहन आणि रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकात सुरुवातीलाच म्हटलं आहे की काही ऑपरेटरांची प्रेसिडेन्स चुकीची आहे. सगळ्यात ठळक उदाहरण & चं. एखादी संख्या सम आहे का, हे शेवटचा बिट बघून तपासायला कुणी अ & १ == ० लिहिलं, तर सी ते अ & (१ == ०) असं वाचते. १ आणि ० समान नाहीत, म्हणून कंसातलं उत्तर ०, आणि कुठल्याही संख्येचा ० शी & केला की ० च. संख्या सम असो की विषम, अट कधीच खरी ठरत नाही. असं का? सीच्या आधीच्या, केन थॉम्पसन यांच्या बी भाषेत && नव्हतंच. & हेच चिन्ह अटीत आलं तर 'आणि' असा अर्थ द्यायचं आणि इतरत्र बिटांवर काम करायचं. अटीत अ == ब & क == ड असं लिहिता यावं, म्हणून त्याची पायरी == च्या खाली असणं सोयीचं होतं. पुढे अ‍ॅलन स्नायडर यांच्या सूचनेवरून && आणि || वेगळे केले गेले. त्याच वेळी & ला वर उचलायला हवं होतं, असं रिचींनी नंतर लिहिलं आहे. पण जुना कोड बिघडू नये म्हणून ते राहिलं. तो जुना कोड होता तरी किती? रिचींच्याच आठवणीप्रमाणे काहीशे किलोबाइट आणि जेमतेम तीन ठिकाणी बसवलेली यंत्रणा. एवढ्याशा कोडची काळजी म्हणून घेतलेला निर्णय सी++, जावा, जावास्क्रिप्ट या सगळ्यांकडे वारशानं गेला. हा इतिहास माहीत असलेला विद्यार्थी & दिसला की थांबतो आणि कंस टाकतो. ज्यानं फक्त 'आठवी पायरी' पाठ केली आहे, तो परीक्षेत ती बरोबर सांगतो आणि कोड लिहिताना विसरतो.

मॅडम : इतिहास ऐकायला छान आहे, पण एका जुन्या चुकीवरून सगळ्या तक्त्याला नावं ठेवणं बरं नव्हे.

मी : एकच असती तर मीही ती अपवाद म्हणून सोडून दिली असती. आज आपण अ -= १० लिहितो; सुरुवातीला तेच अ =- १० असं लिहायचे. मग अ=-१० याचा अर्थ काय, अ मधून १० वजा करायचे की अ मध्ये उणे १० ठेवायचे? ही अडचण ओळखून १९७६ च्या सुमारास चिन्हांची अदलाबदल केली गेली. म्हणजे कर्त्यांनी जिथे बदलता आलं तिथे ऑपरेटर बदलले आणि जिथे बदलणं महाग वाटलं तिथे ठेवून दिले. याहून बोलका पुरावा पुढच्या काळातला आहे. बी भाषेला ++ देणारे थॉम्पसन २००९ मध्ये जाहीर झालेल्या गो भाषेच्या तीन मूळ रचनाकारांपैकी एक आहेत. त्या भाषेत अ++ हे स्वतंत्र विधान आहे; ते दुसऱ्या एक्स्प्रेशनच्या पोटात घालताच येत नाही. दोन ऑपरंडच्या ऑपरेटरांना तिथे फक्त पाच पायऱ्या आहेत, आणि & गुणाकाराच्या पायरीवर, म्हणजे == च्या वर आहे. स्विफ्टनं तर २०१६ च्या तिसऱ्या आवृत्तीत ++ काढूनच टाकलं. आपल्याकडे जी कोडी हुशारीची कसोटी म्हणून विचारली जातात, ती लिहिताच येऊ नयेत अशी रचना खुद्द ++ च्या जन्मदात्याच्या नव्या भाषेत आहे.

मॅडम : ठीक आहे, मग तुमचा उपाय सरळ दिसतोय: भरपूर कंस टाका. तो तर आम्हीही सांगतो. पण कंसांवर विसंबलेला मुलगा दुसऱ्याचा कोड वाचू शकत नाही. व्हाइल (*ड++ = *स++) ही ओळ कर्निहन-रिचींच्याच पुस्तकातली; एक स्ट्रिंग दुसरीकडे उतरवण्याचं सगळं काम तिच्यात आहे. तक्ता माहीत नसेल तर * आधी की ++ आधी हे कसं कळणार?

मी : ही ओळ वाचायला तक्ता हवाच, आणि तुम्ही ती काढलीत हे बरं झालं, कारण तक्त्यावर ती संपत नाही. तक्ता सांगतो की ++ हा पॉइंटरचा, म्हणजे *(ड++). पण वाढ तर पॉइंटरची झाली, मग * नं जुन्या जागेवरचं अक्षर कसं मिळालं? कारण मागून येणारा ++ जुनी किंमत उत्तर म्हणून देतो आणि वाढ हा त्याचा वेगळा परिणाम असतो. पॉइंटर किती पुढे सरकला, हे तो कुठल्या टाइपकडे बोट दाखवतो त्यावर ठरतं. = हा सीमध्ये फक्त आज्ञा देऊन थांबत नाही, त्यालाही उत्तर असतं: ठेवलेली किंमत. म्हणून स्ट्रिंगच्या शेवटचा शून्य उतरवला गेला की अट खोटी होते आणि लूप थांबतो. आणि दोन ++ असूनही ही ओळ निर्धोक का, तर ते दोन वेगळ्या व्हेरिएबलवर आहेत. जोड्या, क्रम, टाइप, परिणाम हे चारही प्रश्न एका ओळीत विचारावे लागतात. कंसांबद्दल म्हणाल तर तो उपाय अर्धाच आहे, आणि त्याचा दाखला लिनक्सच्या इतिहासात आहे. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्स कर्नलच्या कोडच्या एका प्रतीत, मुख्य साठ्यात नव्हे, कुणीतरी गुपचूप दोन ओळी घातल्या. दिसायला ती साधी तपासणी होती: अमुक पर्याय एकत्र दिले असतील && (चालू प्रोसेसचा यूआयडी = ०) असेल, तर चूक म्हणून परत पाठवा. = एकच होता. यूआयडी शून्य म्हणजे रूट, सर्व अधिकार असलेला वापरकर्ता. ते विचित्र पर्याय देऊन कॉल केला की && ची डावी बाजू खरी व्हायची, मग उजवी बाजू चालायची आणि प्रोसेसला रूटचे अधिकार मिळायचे. = चं उत्तर ०, म्हणून पूर्ण अट खोटी ठरायची, चूक नोंदली जायची नाही आणि काही झाल्याचा मागमूस राहायचा नाही. मुख्य साठ्याशी त्या प्रतीचा मेळ बसेना, म्हणून हा प्रकार वेळेत पकडला गेला. मॅडम, त्या = भोवती कंस होते. किंबहुना कंस नसते तर ती ओळ कंपाइलच झाली नसती. लिहिणाऱ्याला तक्ता उत्तम येत होता. वाचणाऱ्याला वाचवू शकला असता तो चौथा प्रश्न: हा ऑपरेटर मेमरीत काय बदलतोय?

मॅडम : हे उदाहरण मी वर्गात सांगेन. पण तुमचा टाइपचा प्रश्न मात्र ऑपरेटरच्या धड्यात घुसवू नका. डेटा टाइपचा धडा आधीच होऊन गेलेला असतो.

मी : दोन धडे वेगळे ठेवले म्हणूनच मुलांना वाटतं की / म्हणजे भागाकार, विषय संपला. फॅरनहाइटचं सेल्सिअस करताना ५ / ९ * (फ - ३२) लिहिलं की उत्तर कायम शून्य येतं, कारण ५ / ९ हा पूर्णांकांचा भागाकार आहे. % चं पाहा. -७ ला २ नं भागल्यावर भागाकार आणि बाकी किती? १९८९ च्या प्रमाणात हे कंपायलरवर सोडलं होतं. १९९९ च्या प्रमाणात ठरलं की भागाकार शून्याच्या दिशेनं तोडायचा, म्हणजे -३, आणि बाकी -१. पायथॉन याच प्रश्नाला -४ आणि १ अशी उत्तरं देते. म्हणून सीमध्ये विषम संख्या ओळखायला अ % २ == १ लिहिलं तर ऋण विषम संख्या निसटतात; अ % २ != ० लिहायला हवं. आणखी एक: -१ < साइझऑफ(इंट) ही तुलना आपल्या नेहमीच्या यंत्रांवर खोटी ठरते. साइझऑफ हा ऑपरेटर आहे, त्याचं उत्तर चिन्हविरहित टाइपचं असतं, आणि तुलनेसाठी -१ चंही रूपांतर त्याच टाइपमध्ये होऊन तो प्रचंड मोठा आकडा बनतो. < ची पायरी कितवी, हे माहीत असून इथे काहीच उपयोग नाही. ऑपरेटरचा अर्थ चिन्हात नसतो. तो ऑपरंडच्या टाइपसोबत ठरतो. म्हणून हे दोन धडे एकच आहेत.

मॅडम : शेवटचा आक्षेप, आणि हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुम्ही सांगता ते ज्याला कर्नल किंवा गाडीचा ब्रेक लिहायचा आहे त्याच्यासाठी आहे. बहुसंख्य मुलं सी फक्त पहिल्या वर्षी शिकतात आणि पुढे पायथॉन किंवा जावाकडे जातात. त्यांना वचन कुठे संपतं वगैरे सांगून घाबरवण्यात काय अर्थ? शिवाय परीक्षा घ्यायची कशी? 'आउटपुट काय' हा प्रश्न तपासायला सोपा आहे.

मी : ब्रेकचं म्हणाल तर ते काम आपल्या मुलांपासून लांब नाही. गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं सॉफ्टवेअर पुणे-पिंपरी परिसरात लिहिलं जातं, आणि त्या उद्योगात मिस्रा सी ही नियमावली चालते. तिची पहिली आवृत्ती १९९८ ची. २०१२ च्या आवृत्तीत सल्ला दिला आहे की प्रेसिडेन्स कंसांनी स्पष्ट करा, ++ सोबत त्याच एक्स्प्रेशनमध्ये दुसरा बदल करू नका, आणि = चं उत्तर पुढे वापरू नका. कॉलेजात ज्या ओळी सोडवून गुण मिळतात, त्याच ओळी लिहिल्या म्हणून नोकरीत कोड परत येतो. पायथॉनकडे जाणाऱ्या मुलालाही हे लागतं, कारण तिथे % वेगळा वागतो, & तुलनेच्या वर बसतो आणि ++ नाहीच. ज्यानं सीचा तक्ता विश्वाचा नियम म्हणून पाठ केला, त्याला नवी भाषा म्हणजे नवं पाठांतर. ज्यानं चार प्रश्न विचारायची सवय लावून घेतली, तो त्याच प्रश्नांची नवी उत्तरं शोधतो. परीक्षेचं कोडं तर सुटण्यासारखं आहे. एक्स्प्रेशन द्या आणि तीन पर्याय ठेवा: भाषेनं उत्तर ठरवलेलं आहे, क्रम किंवा उत्तर कंपायलरवर सोडलेलं आहे, भाषेचं वचनच नाही. अ मध्ये ३ असताना ब = अ++ * २ हे पहिल्या गटातलं: ब मध्ये ६, अ मध्ये ४. फ() - ग() मध्ये दोन्ही फंक्शन कीबोर्ड वाचत असतील तर दुसऱ्या गटातलं. ब = अ++ * अ हे तिसऱ्या गटातलं. तपासायला हेही तितकंच सोपं, आणि पाठांतरानं सुटत नाही.

मॅडम : असा प्रश्न मी विचारू शकते. पण पहिल्या सत्रात तक्ताच राहील. वचनाची भाषा दुसऱ्या सत्रात, मुलांचा हात बसल्यावर. आधी उत्तर येतं हा आत्मविश्वास हवा, मग उत्तर नसतं हे कळू दे.

मी : इथे आपलं मत वेगळंच राहील, आणि त्याचं कारण सांगतो. हात एकदा बसला की तो चुकीच्या वळणावरही तितकाच घट्ट बसतो. ++अ + ++अ सोडवून गुण मिळवलेल्या मुलाला सहा महिन्यांनी त्याला उत्तर नाही हे सांगणं जास्त अवघड आहे. शिवाय आज ही गोष्ट पहिल्या दिवसापासून दाखवणं फुकट आहे. जीसीसी या कंपायलरला -वॉल हा पर्याय दिला की अ & १ == ० वर तो कंस सुचवतो, ++अ + ++अ वर 'ही क्रिया अनडिफाइन्ड असू शकते' अशा अर्थाचा इशारा देतो आणि अटीत एकटा = दिसला की हटकतो. २००३ च्या त्या ओळीसारखे कंस टाकले तर मात्र तो गप्प बसतो, म्हणजे वाचणाऱ्याचं डोकं तरीही लागतंच. तक्ता भिंतीवर लावून ठेवावा, परीक्षेतही छापून द्यावा. बघून वाचता येईल अशी ती माहिती आहे. गुण त्या विद्यार्थ्याला मिळावेत जो एक्स्प्रेशन बघून सांगू शकतो की इथपर्यंत भाषेची हमी आहे, इथून पुढे नाही, आणि म्हणून मी ही ओळ दोन ओळींत तोडून लिहिणार आहे.